तिसऱ्या खांबाचा फुगवटा

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? मागच्या पत्रात डाव्याबद्दल दीड पान लिहिलं होतंत आणि उजव्याबद्दल अवाक्षर नव्हतं. त्यामुळे उजवा बरा झाला की त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलंच नाही, या विचारात मी आठवडा काढला. भावोजींचा खोकला, सूनबाईंचं नवं ऑफिस, गळकी मोरी, सगळं सविस्तर कळवा. आमच्याकडे सर्व ठीक. तुमचे बंधू ठणठणीत आहेत. (किती ठणठणीत ते पुढे येईलच.) हे पत्र मात्र एकटीने वाचा, दार लावून वाचा, आणि भावोजींनी 'काय म्हणतात वहिनी?' असं विचारलं तर 'हवापाण्याचं लिहिलंय' एवढंच सांगा. तुम्ही ह्यांच्या सख्ख्या बहीण आहात हे मी विसरलेले नाही, पण त्याच्याही आधी तुम्ही बाई आहात, या भरवशावर लिहिते आहे.

तर वन्सं, गेले चार महिने मला तुमच्या बंधूंचा संशय येत होता. संशय घेणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. (दूधवाल्याची गोष्ट वेगळी, तिथे पुरावा होता.) पण तुम्हीच सांगा. छत्तीस वर्षं बांधकाम खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पट्टी धरून रेघा मारलेला माणूस. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष त्याने घरातले स्क्रू लांबीप्रमाणे लावण्यात घालवलं. कोपऱ्यावरून साबण आणायला सांगितला तर 'उद्या दोन्ही एकदम आणू' म्हणायचे. दुसरं काय आणायचं ते मला आजवर कळलेलं नाही. असा माणूस एके दिवशी साडेतीन वाजता उठतो, डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांवर दहा मिनिटं कंगवा फिरवतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि 'जरा फेरफटका मारून येतो' म्हणून जातो, तो सहाला परत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रविवारीसुद्धा! परत आले की अंगाला कॉफीचा वास. चौतीस वर्षं मला सांगत आले, कॉफीने छातीत धडधडतं म्हणून. मग आता ही धडधड कशाने सोसवायला लागली, असा प्रश्न कोणत्याही शहाण्या बाईच्या मनात येणारच. 'कुठे गेला होतात?' विचारलं की म्हणायचे, 'असाच, चौकापर्यंत.' चौक आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. मी घड्याळ लावून चालून बघितलं.

मग एक दिवस धुण्यात पँटच्या खिशातून एक कागदी रुमाल निघाला. हॉटेलात तोंड पुसायला ठेवतात ना, तो. भिजलेला, चुरगळलेला. मी तो खिडकीच्या काचेवर पसरून वाळवला आणि वाळल्यावर बघते तर त्यावर काळ्या शाईने एका बाईचा चेहरा! दोन मोठे गोल डोळे, त्यांच्यावर कमानदार भुवया, खाली उघडं तोंड. शाई फुटली होती, पण चेहरा तो चेहराच. मी तशीच समोरच्या मास्तरीणबाईंकडे गेले. (त्या निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण नजर अजून उत्तरपत्रिका तपासणाऱ्याची आहे.) त्यांनी तो रुमाल उजेडाकडे धरला, चष्मा वरखाली केला आणि निकाल दिला. 'डोळे मोठे. भुवया कोरलेल्या. तोंड उघडं, म्हणजे बोलकी असणार. नाक दिसत नाही, पण ते तुमच्या धुण्यात गेलं असेल. पन्नाशीच्या आतली वाटते.' एवढं सांगून त्यांनी मला पाणी दिलं. वन्सं, पाणी देण्याची ती पद्धत मला आवडली नाही. घरात कोणी गेल्यावर देतात तसं दिलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हे बाहेर पडल्यावर पाच मिनिटांनी मीही निघाले. राखाडी शाल घेतली, कारण तो रंग कोणाच्या लक्षात राहत नाही. चौकात एका बाजूला जुनं ग्रंथालय आहे. पुढे कमानींचा व्हरांडा, दगडी खांब, तेही राखाडी. बरोबर समोर काचेचा कॅफे. काचेलगतच्या टेबलावर तुमचे बंधू बसलेले, पुढ्यात कॉफी. मी ग्रंथालयाच्या तिसऱ्या खांबामागे उभी राहिले. तिथून सगळं स्वच्छ दिसत होतं. हे रुमालावर काहीतरी लिहायचे, मग मान वर करून माझ्याच दिशेने बघायचे, डोळे बारीक करायचे, हसायचे, पुन्हा लिहायचे. पहिल्यांदा वाटलं मला पाहिलं. पण नाही, नजर माझ्याही वर जात होती. मी हळूच खांबाबाहेर मान काढून वर बघितलं, तर पहिल्या मजल्याच्या खिडकीत ग्रंथपालबाई झाडांना पाणी घालत होत्या. डोळे मोठे! (नाक होतं, पण ते मी हिशेबात धरलं नाही.)

आता त्या खांबाच्या पायथ्याशी एक गृहस्थ टाइपरायटर घेऊन बसतात. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतात. चौकात त्यांना सगळे 'अर्जवाले' म्हणतात. बावीस वर्षं तीच जागा, एक पाय लंगडा असलेलं टेबल, आणि यंत्र साखळीने खांबाला बांधलेलं. त्यांनी मला दहा मिनिटं बघितलं आणि विचारलं, 'अर्ज करायचाय?' मी म्हटलं, नाही. 'मग कोणाची वाट बघताय?' मी म्हटलं, कोणाचीच नाही. त्यावर त्यांनी टेबलावरचे कागद उलटे घालून ठेवले. मंगळवारी मी पुन्हा गेले तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, 'बाई, खरं सांगा, तुम्ही अतिक्रमण खात्याच्या ना?' मी म्हटलं, अहो नाही हो. 'सगळे तसंच म्हणतात,' ते म्हणाले. मग मानेने कॅफेकडे दाखवून म्हणाले, 'आणि तो काचेतला? चार महिने झाले, रोज बघतो आणि टिपून घेतो. तो तुमचाच माणूस ना?'

वन्सं, या प्रश्नाचं उत्तर काय देणार? माणूस माझाच होता, पण ते म्हणत होते तसा नव्हता, आणि मी समजत होते तसा तरी राहिलाय का, तेच बघायला तर मी तिथे उभी होते. मी गप्प राहिले. तेवढ्यावरून त्यांची खात्री पटली. त्यांच्याकडूनच मला कळलं की सगळा चौक तुमच्या बंधूंना टरकून आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने फुटपाथवरची पाटी आत घेतली. ग्रंथालयाचा पहारेकरी गळ्यापर्यंत गुंड्या लावायला लागला. दंतवैद्याने सहा वर्षं गळणारा पाइप एका दुपारी बदलून घेतला. घरात एक नळ दुरुस्त करा म्हणून मी जीभ झिजवली, आणि इथे नुसत्या बसण्याने एवढी कामं!

बुधवारी माझी दाढ दुखत होती म्हणून गेले नाही. (त्याच दंतवैद्याकडे जाणार होते, पण तिथली खिडकी चौकात उघडते.) गुरुवारी, शुक्रवारी पुन्हा खांबामागे. पुढचा अख्खा आठवडाही तसाच गेला. कॅफेत कोणीही बाई आली नाही, ग्रंथपालबाई खाली उतरल्या नाहीत. पण संशयाचं असं असतं की काही दिसलं नाही तर तो आणखी वाढतो. एवढी लपवाछपवी आहे म्हणजे नक्कीच मोठं काहीतरी असणार, असं मास्तरीणबाईंचंही मत पडलं. अर्जवाल्यांशी मात्र माझी बऱ्यापैकी ओळख झाली. त्यांनी मला बसायला स्टूल देऊ केलं. मी घेतलं नाही, बसल्यावर दिसत नाही.

आणि दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी, साडेचारच्या सुमाराला, नगरपालिकेचा ट्रक चौकात येऊन उभा राहिला. त्यातून एक तरुण इंजिनियर, चार मजूर आणि लाकडी टेकू उतरले. ते थेट आमच्या खांबाकडे! मी बाजूच्या गर्दीत सरकले. इंजिनियरने खांबाला ओळंबा लावून पाहिला, टेप लावली, हाताने चाचपलं, मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं. खांब सरळसोट. त्याने हातातली फाइल उघडून पुन्हा बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'तक्रार आली आहे. तिसऱ्या खांबाला उजव्या अंगाला फुगवटा आलाय. चार ते साडेपाच या वेळात दिसतो. आज दिसत नाही, पण तक्रार करणारे बांधकाम खात्यातले जुने जाणते आहेत, छत्तीस वर्षं नोकरी केलेले. त्यांच्या नजरेला खोटं कसं म्हणू? सहा महिने टेकू लावून व्हरांडा बंद ठेवावा लागेल.' मग अर्जवाल्यांकडे वळून, 'काका, हे टेबल हलवा.'

अर्जवाले उठले. मला वाटलं होतं भांडतील. त्यांनी फक्त साखळीचं कुलूप उघडायला घेतलं, आणि बावीस वर्षांत बहुधा ते उघडायची वेळच आली नसावी, किल्ली बसेना. ते खाली वाकून ती फिरवत राहिले. मजूर टेकू खांद्यावर घेऊन थांबलेले. एक मजूर म्हणाला, 'काका, तोडू का?' तेव्हा ते म्हणाले, 'नको, नको. उघडेल.' आणि पुन्हा वाकले.

मी इंजिनियरच्या हातातल्या फाइलमध्ये डोकावले. तक्रारअर्ज तुमच्या बंधूंच्या अक्षरात, तेच ते छापल्यासारखं अक्षर. खाली टाचणीने चार कागदी रुमाल लावलेले. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. प्रत्येकावर ग्रंथालयाचं चित्र, शाईने काढलेलं. वन्सं, काय चित्रं होती! कमानीतला एकेक दगड, खिडकीची झडप, वरच्या कुंड्या, सगळं. आणि चारही चित्रांत तिसऱ्या खांबाला उजवीकडे एक राखाडी फुगवटा. वर थोडा निमुळता, मध्ये चांगलाच रुंद (चांगलाच! याबद्दल मी नंतर बोलले), आणि खालच्या बाजूला कोनासारखं काहीतरी पुढे आलेलं. कोनाला बाण दाखवून बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'येथे दगड सुटत असावा.' ती माझी पर्स होती.

बुधवारच्या रुमालावर खांब सरळ होता. शेजारी टीप : 'आज फुगवटा नाही. आश्चर्य.' तो रुमाल पाचवा, मागे जोडलेला.

तेवढ्यात रस्ता ओलांडून तुमचे बंधू धावत आले. धावत! हातात ओल्या शाईचा रुमाल हलवत. 'आजही होता! ट्रक यायच्या आधी पाच मिनिटांपर्यंत होता, हे बघा—' आणि मला बघून जागच्या जागी थांबले. 'अगं? तू इथे?'

मी अर्जवाल्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. तुम्हाला खरं सांगते, ती पाठ तिथे नसती तर मी भाजी घ्यायला आले होते असंच म्हटलं असतं.

'खांब सरळ आहे,' मी इंजिनियरला सांगितलं. 'तो फुगवटा मी आहे.'

कोणालाच काही कळेना. मग मी खांबामागे जाऊन उभी राहून दाखवलं. इंजिनियरने रुमाल हातात धरून एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. पाच-सात वेळा पाहिलं. एक मजूर म्हणाला, 'पर्स जरा खाली घ्या बाई, हां, जमलं.' इंजिनियर भला मुलगा होता, हसला नाही, पण म्हणाला, 'तोंडी चालणार नाही. तक्रार लेखी आहे, खुलासाही लेखी लागेल.' मग काय, अर्जवाले कुलूप सोडून टेबलाशी बसले, कागद चढवला आणि विचारलं, 'विषय?' इंजिनियरनेच सांगितलं, 'ग्रंथालयाच्या तिसऱ्या खांबाचा फुगवटा रद्द करणेबाबत.' खाली मजकूर असा : सदर फुगवटा हा खांबाचा नसून अर्जदार महिलेचा आहे. अर्जदार ही नमूद वेळेत सदर खांबामागे स्वतःच्या इच्छेने उभी राहत असे. यापुढे असा फुगवटा होणार नाही याची ती हमी देते. इथवर भराभर झालं. मग अर्जवाले थांबले. 'उभं राहण्याचं कारण लिहावं लागतं.' झेरॉक्सवाला, पहारेकरी, दंतवैद्य, वरून ग्रंथपालबाई, सगळे कान देऊन. तुमचे बंधूही. मी म्हटलं, 'लिहा. नवऱ्यावर पाळत.'

अर्जवाल्यांनी बोटं उचलली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, '"कौटुंबिक" लिहितो.' खाली माझं नाव टाइप केलं, मी सही केली, ट्रक टेकूंसकट परत गेला. खांब आणि अर्जवाले दोघेही जागेवर राहिले.

मग तुमचे बंधू मला कॅफेत घेऊन गेले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ते कपातली कॉफी ढवळत राहिले. शेवटी म्हणाले, 'चौतीस वर्षं एका घरात राहतोय आपण, आणि मी तुला खांब समजलो.' मी म्हटलं, 'घरात तरी वेगळं काय समजता?' तेव्हा कुठे हसले. मी विचारलं, चित्रं काढायची तर काढा, पण मेलं चोरून कशाला, आणि तेही तोंड पुसायच्या कागदावर? तर म्हणाले, निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी आपल्या स्वयंपाकघराची खिडकी काढली होती, चांगल्या जाड कागदावर, पट्टी न घेता, आयुष्यात पहिल्यांदा. मला दिसावी म्हणून टेबलावर ठेवली. मी त्यावर गरम पातेलं ठेवलं. 'तू मुद्दाम नाही केलंस,' ते म्हणाले, 'पण म्हटलं, आता जे काढायचं ते पुसायच्याच कागदावर काढावं. म्हणजे कोणी पुसलं तरी वाईट वाटणार नाही.'

वन्सं, मला पातेलं आठवेना, कागद आठवेना. चुकून तरी आठवतोय का म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. मग पुढ्यातला कॉफीचा कप उचलला आणि त्यांच्या रुमालापासून लांब ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून बुटांचा खोका काढला. दोनशे अकरा रुमाल, कधी दिवसाला दोन-दोन, येता-जाता डोळ्यांत साठवून कॅफेत काढलेले. कोर्टाचा जिना, टपाल कार्यालयाचं छप्पर, पाण्याची टाकी, बंद पडलेलं थिएटर. मी या गावात चौतीस वर्षं हिंडले, यातलं निम्मं मी मान वर करून बघितलेलं नव्हतं. धुतलेल्या रुमालावरची ती बाईही सापडली. ते अग्निशमन केंद्र आहे. डोळे म्हणजे गोल झरोके, भुवया विटांच्या, आणि तोंड म्हणजे बंब बाहेर पडायचा दरवाजा. मास्तरीणबाईंना नेऊन दाखवलं तर म्हणाल्या, 'असेल. पण मी चेहरा ओळखण्यात चुकत नाही.' आता हे घरीच, स्वयंपाकघराच्या टेबलावर, उघडपणे काढतात. मी पातेलं ठेवायला लाकडी पाट आणलाय. चौकात सगळ्यांना कळलंय की हे कोणत्याच खात्याचे नाहीत, त्यामुळे पहारेकऱ्याच्या गुंड्या पुन्हा सुटल्या आहेत आणि पाटी फुटपाथवर आली आहे. एकंदरीत संशय गेला, घरात शांतता आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना खूप खूप प्रेम. जास्त काय लिहू, हात दुखायला लागला.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पुढच्या महिन्यात हे तुमच्याकडे आठ दिवस येतील म्हणतात. तुमच्या स्टेशनची इमारत काढायची आहे. कागदी रुमाल दुपदरी आणून ठेवा, पातळ असला तर निब अडकते आणि मग माणूस जेवत नाही. जमल्यास आठाचे दहा दिवस ठेवून घ्या.

ता. क. २. संशय गेला असं वर लिहिलंय, तो माझा गेला. आता त्यांना आलाय. झालं असं की त्या अर्जाखाली माझं पूर्ण नाव टाइप झालेलं बघितलं ना, तेव्हापासून मला चैन नव्हतं. लग्नपत्रिकेनंतर कुठे छापलेलं बघितलंच नव्हतं ते. म्हणून सध्या रोज सकाळी अकरा ते बारा मी अर्जवाल्यांकडे टाइपिंग शिकते. दहाही बोटांनी. कोणाला सांगितलेलं नाही आणि एवढ्यात सांगणारही नाही, नीट येऊ तर दे. पण काल यांनी चष्मा पुसत पुसत विचारलं, 'अकराला कुठे जातेस?' मी म्हटलं, 'वन्संना पत्र लिहायला, ग्रंथालयात. घरी सुचत नाही.' ते म्हणाले, 'रोज?' मी म्हटलं, 'लांबलचक पत्र आहे.' तेव्हा कृपा करून उत्तर जरा मोकळ्या हाताने लिहा. तेही घरच्या पत्त्यावर, त्यांच्या हाती पडेल असं. सुरुवातीलाच 'तुझं पत्र वाचायला तीन दिवस लागले' असं टाका. निदान चार पत्रं तरी तशी यायला हवीत, अजून मला आकडे शिकायचे आहेत. आणि हे पत्र एवढं का लांबवलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेलच.